एक जून

शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरच्या त्या पानावर अठरा मुलांची नावं होती आणि त्यातल्या चौदा जणांची जन्मतारीख १ जून होती. मला त्याचं नवल वाटलं नाही. मराठवाड्यात नोकरी केलेल्या कुणालाच वाटणार नाही. जून उजाडला की गुरुजी वस्तीवर यायचे आणि दारात खेळणाऱ्या पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. तारीख १ जून, साल सहानं मागे. दर ३१ मे रोजी आमच्या सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते ती त्यामुळेच.

तरी त्या दिवशी मी त्या पानाकडे फार वेळ बघत बसले. त्या अठरांपैकी एकाला फाशीची शिक्षा झाली होती.

मी जिल्हा परिविक्षा अधिकारी. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली कोर्ट आम्हाला विचारतं, हा पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला माणूस बंधपत्रावर सोडण्याजोगा आहे का. मग आम्ही त्याच्या घरी जातो, शेजारपाजार बघतो, अहवाल देतो. बावीस वर्षं माझ्याकडे मारामाऱ्या, मोटरसायकलची चोरी, भावकीतली डोकी फुटलेली भांडणं आली. फाशीच्या कैद्याबद्दल कुणी मला काही विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात बजावलं की माणसाला फासावर द्यायचं का हे ठरवण्याआधी त्याचं बालपण, घर, शिक्षण, मनाची अवस्था आणि तुरुंगातलं वागणं कोर्टासमोर आलंच पाहिजे, आणि त्यात परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवालही हवा. 'गुन्हा बघा तसा गुन्हेगारही बघा' हे त्याच न्यायालयानं १९८० मध्ये बचन सिंगच्या निकालात सांगून ठेवलं होतं. दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी, हा नियमही तिथलाच. सांगणं आणि खरोखर कुणाला तरी वस्तीवर धाडणं, यात बेचाळीस वर्षं गेली.

गुन्हा साधा नव्हता. मार्च २०१३. शेतातलं घर. मुलगा आणि सून लग्नाला गेलेले, घरी साठीची आजी आणि पावणेसहा वर्षांचा नातू. आजीच्या गळ्यातली बोरमाळ, कानातली फुलं आणि कपाटातले कापसाचे पैसे गेले, आणि दोघांचे जीव गेले. करणारा त्याच शेतावर महिनाभर मजुरीला होता. दागिने त्यानंच काढून दिले. त्यानं केलं की नाही, अशी शंका कुणाच्याच मनात नव्हती, माझ्याही नव्हती. २०२१ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी सुनावली आणि कायद्याप्रमाणे ती कायम करायची का, हे ठरवायला प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

माझं मत तेव्हा काय होतं तेही सांगते. २० मार्च २०२० रोजी पहाटे दिल्लीच्या निर्भया प्रकरणातल्या चौघांना तिहारमध्ये फाशी दिली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होते आणि मला बरं वाटलं होतं. उच्च न्यायालयाचं अहवाल मागणारं पत्र हातात पडलं तेव्हाही मी नेहमीसारखी दोन पानं भरून देऊ, असंच ठरवलं होतं. अशा अहवालात काय लिहितात ते ठाऊक असतं : गरिबी, शिक्षणाचा अभाव, वाईट संगत.

शाळेत जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्या कैद्याला कारागृहात भेटून आले होते. बारीक अंगाचा, केस मागं सरलेले. तुरुंगात लिहायला-वाचायला शिकला होता. मी नमुन्यातले प्रश्न विचारत गेले. व्यसनाच्या प्रश्नाशी तो थांबला. म्हणाला, "मॅडम, मला सांगितलं होतं, दारू प्यालो होतो म्हण. मी नव्हतो प्यालो. तुम्ही तसं लिहू नका."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "मग त्या लेकराला का रे?"

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. "ते उठलं. मामा म्हणून हाक मारली मला."

वय विचारलं तेव्हा म्हणाला, "शाळेत असंल लिहिलेलं. मला नाही म्हाइत."

शाळेत लिहिलेलं होतंच. फायलीत त्याचा निर्गम उतारा होता : १ जून १९९४. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षं नऊ महिने. उतारा एका ओळीचा असतो. ज्याचा मागितला त्याचीच ओळ. मी मूळ रजिस्टर बघायला गेले ते त्याची हजेरी बघायची होती म्हणून. ऊसतोडीच्या पोरांची हजेरी बघितली की त्यांचं वर्ष कसं गेलं ते कळतं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत गैरहजेरीच्या खुणा. त्याच्याही होत्या. चौथीनंतर नाव कमी केलेलं.

मुख्याध्यापक चहा सांगायला बाहेर गेले. मी पानावरून बोट फिरवत होते आणि त्याच्या नावावर थांबले. मग सहज वरची ओळ वाचली. आडनाव तेच. बापाचं नाव तेच. त्याची बहीण. दाखल दिनांक दोघांचा एकच, जून २०००. इयत्ता पहिली. जन्मतारीख १ जून १९९४.

दोघांचीही.

मुख्याध्यापक आत आले तसं मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि हळूच म्हणाले, "जुळी असतील." मग स्वतःच मान हलवली. ते त्या गावात पंधरा वर्षं होते, ती जुळी नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. दहा वर्षांत पोलिसांनी, दोन्हीकडच्या वकिलांनी, कोर्टानं तो उतारा पाहिला होता. वरची ओळ कुणी मागितलीच नव्हती.

त्याची आई शाळेपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर राहते. नवरा पाच-सहा वर्षांपूर्वी वारलेला. ती अजूनही हंगामाला जाते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरतात, ती आता दिराबरोबर अर्ध्या कोयत्यावर जाते. मी जाताना रस्त्यातच ठरवलं होतं की वय कशासाठी विचारते ते तिला सांगायचं नाही. सांगितलं असतं तर कुठलीही आई हवं ते साल सांगेल, मीही सांगितलं असतं.

तिनं मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली. मी आधी घरचं, शेताचं, उचलीचं विचारलं. मग म्हटलं, "लेकरं किती झाली तुम्हाला?"

"चार. दोन हायेत."

"थोरली कधीची?"

"भूकंपाच्या साली पाळण्यात व्हती बाई. किल्लारीचा भूकंप. पहाटंचं पत्रे वाजले तर मी आधी पाळण्यातून तिला उचललं."

म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. आमच्याकडे त्या वर्षाला कुणाला तारीख सांगावी लागत नाही.

"मग?"

"फुडल्या सालचं लेकरू फडावरच झालं. कोपीत. थंडी लई व्हती, पट्टा पडून हंगाम संपायच्या आत गेलं ते. त्याच्या फुडल्या साली ह्यो. त्यो बी फडावरच, संक्रांत झाल्यावर. ते साल आमी कर्नाटकात व्हतो. बाळंतीण झाले अन् आठव्या दिवशी मोळ्या बांधाया उभी राह्यले."

मी मनात मोजत होते. भूकंपानंतरची पहिली संक्रांत ९४ ची, तेव्हा थोरली पाळण्यात. ९४-९५ च्या हंगामात मधलं. ९५-९६ च्या हंगामात हा, म्हणजे जानेवारी १९९६ च्या अखेरीला. गुन्हा मार्च २०१३ चा.

सतरा वर्षं आणि दोन महिने.

"मग दोघांना एकदमच शाळेत कसं घातलं?"

"तांदूळ मिळत व्हता ना बाई. एका नावाला महिन्याला तीन किलो. थोरलीचं नाव टाकाया गेले तर म्हटलं ह्याचं बी टाका. गुरुजी म्हणले कान लागत नाही त्याचा. मी म्हटलं लागंल फुडं. भला माणूस व्हता, टाकलं नाव."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं. तिनं तसंच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती अडखळली : कर्नाटकात गेलो ते मधल्याच्या साली की ह्याच्या? मग बोटं मोजत म्हणाली, ह्याच्याच. तो अडखळलेला क्षणही मी वहीत टिपून घेतला. एक हंगाम इकडचा तिकडे झाला तर तो अठरा वर्षं दोन महिन्यांचा होतो आणि फाशीला पात्र ठरतो. फडावरच्या जन्माची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत असणार? हाडांची तपासणी करून आता तिशीकडे आलेल्या माणसाचं तेव्हाचं वय सांगता येत नाही. आणि कायदा वय ठरवताना आधी शाळेचाच दाखला मानतो.

निघताना तिनं एकच विचारलं, "जेवत असंल का त्यो?" त्यानं गुन्हा केला नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही.

तिथून उठले तेव्हा मला पुण्याचं प्रकरण आठवत होतं. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूडला एकाच घरातल्या पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली, त्यातली एक बाई गरोदर होती. त्यात १९९८ साली फाशीची शिक्षा झालेला राजस्थानचा एकजण मार्च २०२३ मध्ये, माझ्या या दिवसाच्या चारच महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सुटला होता. त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरवरून निघालं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकाल कायम झाल्यावरसुद्धा, म्हणून ते घडू शकलं. फास लागल्यानंतरचा टप्पा मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

त्याच्या प्रकरणात रजिस्टरनं वाचवलं. इथं रजिस्टरच आड आलेलं.

मयतांच्या घरी जा, असं आदेशात नव्हतं. अहवालाच्या नमुन्यात त्यांच्यासाठी रकानाही नाही. पण मी एकाच बाजूच्या अंगणात बसून उठले असते तर मला तो अहवाल लिहिता आला नसता. दुपारी तीनला मी तिथं पोचले.

मुलाचा बाप चाळिशीचा. त्यानं मला नीट बसवलं, पाणी दिलं, माझं ओळखपत्र बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, त्याचं लहानपण कसं गेलं ते लिहायला सरकारनं तुम्हाला धाडलं. माझ्या पोराचं लहानपण कुणी लिहायचं?"

मला उत्तर नव्हतं. तो रागावलेला नव्हता, दहा वर्षांत राग बसून गेलेला होता. तो शांतपणे एकेक मुद्दा मांडत होता आणि कुठलाही सरकारी वकील मांडेल त्याहून चांगला मांडत होता.

"फाशी दिली म्हणून पोरगं परत येणार आहे का, असं मला सगळे विचारतात. जन्मठेप दिली म्हणून येणार आहे का? मग हे मलाच का विचारता? दुसरं, तो तुरुंगातून संचित रजेवर येणार. अभिवचन रजेवर येणार. त्याची वस्ती इथून बावीस किलोमीटर. आठवड्याचा बाजार दोघांचा एकच. मी कांदा विकायला बसलोय अन् तो समोरून चाललाय, हे तुम्ही डोळ्यासमोर आणा."

मी त्याला सांगितलं की २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून कोर्ट फाशीऐवजी वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सुटका नाही, असा आदेश देऊ शकतं. त्यानं ऐकून घेतलं.

"आज एक कोर्ट देतं, उद्या दुसरं काढतं. कोल्हापूरच्या त्या बहिणींचं काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं. लहान मुलं पळवून मारणाऱ्या त्या दोघींना २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारनं लावलेल्या दिरंगाईसाठी ती जन्मठेपेवर आणली. तो म्हणाला, "त्या लेकरांच्या आईबापांनी वीस वर्षं वाट बघितली, कशाची?" त्याला त्यातून फाशी वेळेत द्या, असं म्हणायचं होतं. मला त्याच वीस वर्षांतून उलटं काहीतरी दिसत होतं : फाशीचं वचन दिलं की मागं राहिलेल्यांचं आयुष्य त्या वचनाला टांगून राहतं. पण ज्याचं आयुष्य टांगलेलं आहे त्याला मी हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"अन् शेवटचं," तो म्हणाला. "पोरगं ओळखत होतं म्हणून त्यानं मारलं. पुरावा पुसायला मारलं. उद्या दुसरा कुणी अशाच घरात शिरेल तेव्हा त्याच्या मनात काय यावं, हे कोर्टानं सांगायला नको?"

विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात म्हटलंय की जन्मठेपेपेक्षा फाशीची दहशत जास्त बसते, असा पुरावा मिळत नाही, आणि दहशतवादाचे गुन्हे सोडून फाशी काढून टाकावी. मी तो भाग आदल्याच रात्री वाचला होता. त्या अंगणात तो माझ्या तोंडाशी आला नाही.

त्याची बायको इतका वेळ उंबऱ्याशी उभी होती. तो ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला बाहेर गेला तशी ती पुढे आली.

"ताई, तुम्ही त्याला भेटलात ना?"

"हो."

"लेकरू झोपेत होतं का हो? झोपेतच गेलं का?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी कोर्टात विचारलं होतं. कागदावर नाही म्हणाले. ह्यांना फाशी पाहिजे. मला बी पाहिजे. पण त्याच्या आधी त्यानं एवढं सांगावं. तो मेल्यावर मी कुणाला विचारू?"

बावीस वर्षांत चौकशीच्या घरी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हणाले, "मला माहीत नाही ताई."

ती मान हलवून आत गेली. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रात्री जाग येते तेव्हा त्यातलं एकेक ठरवून बघते.

मग बाप एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची वही. सगळं घडी न मोडलेलं. "जूनमध्ये पहिलीत जाणार होता," तो म्हणाला. "हे शाळेत द्यायला काढून ठेवलं होतं. तुम्ही वय लिहिताय ना? मग ह्याचं बी लिहा."

मी लिहून घेतलं. माझ्या पर्समध्ये रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स होती. त्या कैद्याच्या आईची मोजणी खरी ठरली तर तेव्हाच्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं, आणि तो दहा वर्षं आत होता. म्हणजे तो फाशीतून जन्मठेपेवर येणार नव्हता, सुटून घरी येणार होता. आठवडी बाजारात. या माणसाचा चहा पीत मी ते कागद मांडीवर धरून बसले होते, आणि मी बोलले नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं, एवढं खरं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला सरळ विचारलं : तुला काय वाटतं? त्या बापाला पाहिजे ते मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्याचा एकही मुद्दा मला खोडता आला नव्हता. तरी त्या एसटीत मला कळलं की मला फाशी नको आहे, या माणसाला नको आणि कुणालाच नको. त्या कैद्याची दया आली म्हणून नव्हे. लेकरानं मामा म्हटल्यावर जे त्यानं केलं, त्याच्यासाठी माझ्याकडे आजही दया नाही. पण तीन किलो तांदळासाठी एका भल्या गुरुजीनं टाकलेलं साल त्याच्या फासापर्यंत जाऊन पोचलं होतं, आणि वाटेत पोलीस, वकील, न्यायाधीश सगळे आपापलं काम नीट करत होते. नाशिकच्या प्रकरणातही असंच म्हणता आलं असतं. २००३ च्या गुन्ह्यात सहाजणांना फाशी झाली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी योग्य ठरवली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. त्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ते जिवंत होते म्हणून भरपाई घ्यायला हात होते.

अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. दारूचं त्यानं सांगितलं तसंच लिहिलं. ती हाक लिहिली नाही. नमुन्यात गुन्ह्याबद्दलचा प्रश्न नव्हता, आणि असता तरी मी काय केलं असतं ते सांगू शकत नाही. वयाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. शाळेच्या नोंदीप्रमाणे १ जून १९९४. आईच्या सांगण्याप्रमाणे जानेवारी १९९६ ची अखेर. खाली रजिस्टरमधली बहिणीची नोंद, संपूर्ण पानाची प्रत जोडली, आणि आई तिसऱ्या वेळी अडखळली तेही लिहिलं.

शेवटच्या पानावर शेरा म्हणून एक रिकामी जागा असते. तिथं मी लिहिलं : मयत बालकाचा जन्म ९ जून २००७, पहाटे ४ वाजून १० मिनिटे, ग्रामीण रुग्णालय, वजन २ किलो ७०० ग्रॅम.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे कशाला?" म्हणाले.

मी म्हटलं, राहू द्या सर.

त्यांनी सही केली आणि अहवाल त्याच दिवशी टपालात गेला.